‘स्नायूंमधील तणाव’ : स्नायूंना कसलं टेन्शन?

शब्दशोधी : चिंताविकाराची माहितीपत्रिका मराठीत करतेय. लक्षणांत ‘मसल टेन्शन’ आहे. ‘स्नायूंमधील तणाव’ लिहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, “स्नायूंना कसलं टेन्शन?” ‘लवकर थकवा येणे’ही पटेना. “थकायला काम करावं लागतं.” दुसरे शब्द सुचवा.

तळटीप : ‘अंग आखडणं’ लिहा. परीक्षेच्या दिवसांत माझे मान-खांदे आखडायचे, झोपेत दात आवळून सकाळी जबडा दुखायचा. चिंता वगैरे डोक्यातही आलं नाही. मी उशी बदलली.

शुद्धमती : आखडायला थंडीही पुरते. ‘ताण’च योग्य. मूळ ‘तन्’, ताणणे. मनाचा ताण हा अर्थ मागाहून चिकटला, त्याच्यासाठी मूळ का सोडायचं?

उंटावरचा : मुळाशीच जायचं तर ‘स्नायू’पासून जा की! संस्कृतात तो सांधे बांधून ठेवणारा तंतू, बंगालीत मज्जातंतू. हिंदीवाले मांसपेशी म्हणतात, आपली पेशी म्हणजे सेल.

शब्दशोधी : थकव्याचं राहिलं.

आडवाट : सुश्रुतसंहितेत नेमका शब्द आहे, ‘क्लम’. श्रम न करता येणारा थकवा. सासूबाईंना दाखवा.

तळटीप : क्लम? औषधाचं नाव वाटतं. ‘गळून गेल्यासारखं वाटणं’ सरळ आहे.

शुद्धमती : ते तापानंतरचं. ‘शीण’ घ्या.

तळटीप : शीण झोपेनं जातो हो. हा सकाळी आपल्याबरोबरच उठतो.

उंटावरचा : मग ग्लानी?

तळटीप : ग्लानीत माणूस पडून असतो. चिंतेत पडलं तरी डोळा लागत नाही. शिवाय हिंदीत ग्लानी म्हणजे मनाला लागलेली टोचणी.

आडवाट : गंमत बघा. ‘अँक्झायटी’च्या मुळाशी ‘आवळणे’ अर्थाचा लॅटिन धातू आहे, संस्कृत ‘अंहस्’ त्याचाच भाऊबंद. शब्दातच गळा आवळलेला! आपली ‘चिंता’ आली ‘चिंत्’वरून, म्हणजे विचार. सगळा मामला डोक्यात. म्हणून मान दुखली की आपण उशीला दोष देतो.

शुद्धमती : अंहस् म्हणजे पाप. कोश उघडा.

आडवाट : संकट हाही अर्थ त्याच कोशात आहे. पान उलटा.

उंटावरचा : आणि चिता-चिंतेतलं ते एक टिंब विसरलात!

शब्दशोधी : अहो, पत्रिका उद्या छपाईला जातेय. आखडणं की ताण?

शुद्धमती : काहीही लिहा, ‘स्नायू’तला यू तेवढा दीर्घ ठेवा.