इंदूर : उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी आमच्या मंडळाने काय करावे?

लोकमान्यनगरवासी :
आमचे मंडळ दर हिवाळ्यात सरवटे बसस्थानक व राजवाडा परिसरात पांघरुणे वाटते. परंतु पुढच्या वर्षी बरीचशी तीच माणसे तेथेच आढळतात. त्यांतील एक मध्यमवयीन गृहस्थ सतत स्वतःशीच बोलत असतात आणि रैनबसेऱ्यात (बेघरांसाठीच्या रात्रनिवाऱ्यात) येण्यास नकार देतात. शिवाय १ जानेवारी २०२५पासून शहरात भीक देण्यास मनाई झाली, तेव्हापासून काही सभासदांना अशा लोकांजवळ जाणेही नको वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वकील, साकेत :
तो आदेश भिकेविषयी होता. विचारपूस करण्याशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय पदपथावर झोपणारे सगळे भीक मागत नाहीत, त्यांत हमाल असतात, बांधकाम मजूर असतात आणि लग्नसराईत पंगती वाढणारेही असतात.

त्या गृहस्थांबाबत मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७चे कलम १०० वाचावे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळल्यास तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे ठाणेप्रमुखाचे कर्तव्य आहे, आणि तिला कोठडीत ठेवता येत नाही. ती बेघर असेल, तर हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणेही ठाण्यावर बंधनकारक आहे. कलम १८नुसार सरकारी संस्थांत अशा व्यक्तीचे उपचार विनामूल्य होतात. दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरी चालते.

निवृत्त परिचारिका :
वकीलसाहेबांचे म्हणणे योग्यच आहे, मात्र पहिल्याच दिवशी पोलीस नेऊ नयेत. आधी एकाच सभासदाने, शक्यतो ठरलेल्या वेळी, जाऊन शेजारी बसून बोलावे, नाव विचारावे आणि रैनबसेरा का नको हेही विचारावे. कारण सामान चोरीला जाण्याची भीती, पतिपत्नींना वेगळे झोपावे लागणे, पहाटे मजुरीच्या चौकात पोहोचण्याची घाई, अशी साधी कारणे बहुधा नकारामागे असतात. कसे बोलावे हे उमगत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विचारता येते. आणि कृपया वाटपाची छायाचित्रे काढणे थांबवावे.

सुदामानगरकर :
एक हिशेबही मांडतो. २०२४मध्ये संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर १ लाख नागरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी कायमस्वरूपी निवारा हवा होता, माणशी ५० चौरस फूट जागा हवी होती आणि तो वर्षभर चोवीस तास खुला हवा होता. २०११च्या जनगणनेतील सुमारे २० लाख लोकसंख्या धरली, तरी त्या निकषाने इंदुरात २,००० जणांची सोय लागते. प्रत्यक्षात किती आहे, हे मंडळाने माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे विचारावे. अर्जाचा मसुदा मी तयार करून देतो.