गृहकर्ज फिटेपर्यंत दशमांश थांबवावा का?

हडपसरकर (चर्चाप्रस्ताव)

आमच्या मंडळीतील (चर्चमधील) बहुतेक तरुण कुटुंबांनी हडपसर-मांजरी परिसरात कर्ज काढून सदनिका घेतल्या आहेत, आणि दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला अर्पण करण्याचा, विषय निघाला की त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव दिसतो. हातात दरमहा ७०,००० रुपये येणारे एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये होतो आणि मुदतीअखेर ४३ लाखांहून अधिक रक्कम नुसत्या व्याजापोटी जाते. हेच कुटुंब दशमांशाचे ७,००० रुपये पहिल्या महिन्यापासून हप्त्यासोबत भरू लागले, तर कर्ज सुमारे साडेसहा वर्षे आधी फिटते आणि व्याजाचे सुमारे १६ लाख वाचतात. ऋणको हा धनकोचा दास होतो, असे बायबलमधील नीतिसूत्रे २२:७ सांगते. मग त्या दास्यातून आधी सुटावे आणि नंतर मोकळ्या हाताने द्यावे, यात अविश्वास कोठे आला? प्रेषित पौलानेही करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना टक्केवारी सांगितलेली नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुर न करता द्यावे, एवढेच तो म्हणतो (२ करिंथ ९:७).

वानवडीची वाचक

आपली आकडेमोड बरोबर आहे, पण तिच्यातील खरी अडचण आपण न बोलता ओलांडली आहे. ७०,००० पैकी ३४,७०० हप्त्यात जातात, म्हणजे जवळजवळ निम्मे वेतन घर खरेदी करतानाच बांधले गेले. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे येशूचे उदाहरण (लूक १४:२८) शिष्यत्वाची किंमत सांगण्यासाठी आहे हे मान्य, तरी ते अशा सौद्यालाही लागू पडते. तिसऱ्या शयनकक्षाचा मोह आवरला नाही आणि मग काटछाट करायची वेळ आली तेव्हा पहिली कात्री अर्पणाला लागली, असा हा क्रम आहे. शिवाय कर्ज फिटल्यावर मुलांचे शिक्षण येते, त्यानंतर निवृत्तीची तजवीज येते. देण्याची सवय त्या गर्दीत कोणत्या वर्षी लागणार?

कॅम्पातील निवृत्त बँक कर्मचारी

दोघांनीही फक्त गृहकर्जाचा विचार केला आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि वैयक्तिक कर्ज यांचा व्याजदर कितीतरी अधिक असतो आणि तेथे आधी कर्ज फेडणे हेच शहाणपणाचे आहे, असे मी ठामपणे म्हणेन. देवाला अर्पण केले असे सांगून आईवडिलांना मदत नाकारणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये खडसावले आहे. आईच्या औषधाचे पैसे थकवून दानपाकीट भरणाऱ्याला तोच न्याय लागतो. दशमांश आणा म्हणजे मी आशीर्वाद ओतीन, असे देव सांगतो ते मलाखी ३:१० वाचून ‘दहा द्या, शंभर मिळतील’ असे सांगणाऱ्या वक्त्यांबद्दल तर बोलायलाच नको. बँकेत अशी योजना कोणी आणली असती तर आम्ही पोलिसांना कळवले असते. या वक्त्यांना बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १४वा अध्याय सोयीने विसरायला होते. त्या अध्यायात दशमांशाचा काही भाग कुटुंबाने देवापुढे आनंदाने खावा असे सांगितले आहे, आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (उपासनेची सेवा करणारा वंश), परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायचा आहे.

हडपसरकर

हेच मला म्हणायचे होते. पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश देऊन न्याय आणि दया सोडणाऱ्यांना येशूने ढोंगी म्हटले (मत्तय २३:२३). मंडळीने टक्केवारीवर बोट ठेवू नये.

वानवडीची वाचक

त्या वचनाचा उत्तरार्धही वाचावा: ह्या गोष्टी (न्याय आणि दया) करायच्या होत्या आणि त्याही (दशमांश) सोडायच्या नव्हत्या. कार्डाच्या थकबाकीबाबत मात्र मी वरील प्रतिसादाशी सहमत आहे, आणि ७,००० ऐवजी २,००० रुपयांनी सुरुवात करणाऱ्याला कोणी हिणवू नये. माझा विरोध ‘थांबवावा’ या शब्दाला आहे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा १८९० मध्ये पुण्यात आणणाऱ्या आणि पुढे केडगावला निराधार स्त्रियांसाठी मुक्ती मिशन उभे करणाऱ्या रमाबाईंनी प्रार्थनेवर भिस्त ठेवली, तशीच विहिरी, शेती, विणकाम आणि छापखाना यांचीही घडी बसवली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुलींना आणले, तेव्हा आधी सर्व तरतूद पूर्ण होऊ द्यावी म्हणून त्या थांबल्या नाहीत. हिशेब नीट ठेवणे आणि देणे ही दोन्ही कामे त्यांच्याकडे एकाच वेळी चालली.

कॅम्पातील निवृत्त बँक कर्मचारी

रमाबाईंच्या संस्थेत पैसा कोठे जातो हे डोळ्यांना दिसत होते. आमच्या मंडळीत वार्षिक सभेत जमाखर्चाचा कागद फिरतो आणि दहा मिनिटांत मंजूरही होतो. त्यातला किती भाग गरजूंना गेला आणि किती रंगरंगोटीला, असे विचारले की वातावरण गंभीर होते. तरुण कुटुंबांकडे दशमांश मागण्यापूर्वी कार्यकारी मंडळाने तो कागद दर तिमाहीला फलकावर लावावा. हडपसरकर, आपल्या मंडळीत तो लावतात का?