मदत हवी आहे: कपड्यांच्या लेबलवरचं इंग्रजी

आईसाठी कपड्यांच्या लेबलवरच्या इंग्रजी सूचना मराठीत लिहून मशीनजवळ चिकटवायच्यात. टबच्या चित्रात ३० म्हणजे पाणी ३० डिग्रीच्या वर नको, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नाही, इस्त्रीत एक टिंब म्हणजे इस्त्री कमी गरम, एवढं झालंय. पण टंबल ड्राय म्हणजे मशीनमध्ये गरम हवेने वाळवणं आणि ड्रिप ड्राय म्हणजे न पिळता निथळत टांगणं, हे थोडक्यात कसं लिहू? आणि टबखाली दोन रेघा म्हणजे एका रेघेपेक्षा जास्त नाजूक ना, मग मशीनवर डेलिकेट, जेंटल, वूल अशी वेगवेगळी बटणं आहेत त्यातलं लोकरीच्या स्वेटरला कुठलं लावायचं? स्वेटर आटला की परत पहिल्यासारखा होत नाही आणि आई तिचे स्वेटर फार जपते हो, म्हणून नीट विचारून घेतेय. कुणाकडे असा तक्ता असेल तर प्लीज टाका.