पाच महिन्यांच्या लॅब्रॅडॉरला कॅल्शियमचे टॉनिक किती द्यावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्याकडे पाच महिन्यांचा लॅब्रॅडॉर आहे. नाव खंड्या, वजन 16 किलो. अलीकडे त्याचे पुढचे पाय मनगटापाशी किंचित वाकल्यासारखे दिसू लागले आहेत आणि उभा राहिला की पंजे बाहेरच्या बाजूला फाकतात. तो लंगडत नाही, भूक चांगली आहे, खेळणेही नेहमीसारखे चालू आहे.

त्याला पिल्लांसाठी असलेले कोरडे खाद्य दिवसाला साधारण 300 ग्रॅम देतो. पाकिटावर कॅल्शियम 1.2 टक्के असे छापले आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून गाईचे अर्धा लिटर दूधही असते. खाद्य जिथून आणतो त्या दुकानदाराने पाय पाहताच कॅल्शियम कमी पडते आहे असे सांगून एक सिरप दिले. ते दिवसातून दोनदा मिळून 20 मिली देतो. बाटलीवर दर 5 मिलीमध्ये 240 मिलिग्रॅम कॅल्शियम असल्याचे लिहिले आहे. त्याशिवाय घरी गुरांसाठी आणलेली डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) पावडर असते, तीही दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास, दुधात कालवतो. तिच्यावर कॅल्शियम 23 टक्के असे लिहिलेले आहे.

वडिलांचे म्हणणे असे की हा मुडदूस आहे आणि त्याला रोज कोवळ्या उन्हात बसवायला हवे. शेजारच्या काकूंनी ड जीवनसत्त्वाची पुडी सुचवली आहे. माणसांना आठवड्यातून एकदा घ्यायला देतात ती 60,000 युनिटांची पुडी. ती अजून दिलेली नाही. दुकानदार आता सांध्यांसाठी ग्लुकोसामाइनची पावडरही घ्या म्हणतो. यांतले नेमके काय द्यावे आणि किती द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नीराखोरे

कृष्णाकाठ, मी पशुवैद्य आहे. पहिली गोष्ट म्हणजे ती पुडी कृपा करून देऊ नका. पाच महिन्यांच्या पिल्लाची ड जीवनसत्त्वाची किमान गरज तुमच्या 300 ग्रॅम खाद्याच्या हिशेबाने दिवसाला दीडशे युनिटांच्या आसपास येते, आणि ती त्या खाद्यातून भागते. एका पुडीत 60,000 युनिट असतात, म्हणजे वर्षभराहून अधिक काळाची गरज एका घोटात पोटात जाते. 16 किलोच्या पिल्लाला हा डोस दर किलोमागे 3,750 युनिटांचा होतो, आणि दर किलोमागे 4,000 युनिटांच्या आसपास विषबाधेचा धोका सुरू होतो, म्हणजे एकच पुडी पिल्लाला त्या उंबरठ्यावर नेऊन ठेवते. या विषबाधेत रक्तातले कॅल्शियम भरमसाट वाढते आणि मूत्रपिंडे कायमची निकामी होऊ शकतात. काकूंचा हेतू चांगलाच आहे, पण माणसाचा डोस कुत्र्याला लावता येत नाही.

उन्हाविषयी सांगायचे तर माणसाच्या कातडीत उन्हामुळे ड जीवनसत्त्व तयार होते, कुत्र्याच्या आणि मांजराच्या कातडीत मात्र ते पुरेसे तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारा कच्चा पदार्थ त्यांच्या शरीरातले एक विकर (एन्झाइम) आधीच कोलेस्टेरॉलमध्ये बदलून टाकते. त्यामुळे त्यांना हे जीवनसत्त्व अन्नातूनच मिळावे लागते. खंड्याला उन्हात बसायला आवडत असेल तर जरूर बसू द्या, पण हाडांवरचा उपाय म्हणून त्यावर विसंबू नका.

आता कॅल्शियमचा हिशेब. 16 किलोच्या पिल्लाची विश्रांतीच्या स्थितीतली ऊर्जेची गरज साधारण 560 किलोकॅलरी असते आणि या वयात वाढीसाठी तिच्या दुप्पट, म्हणजे 1,120 किलोकॅलरी लागतात. अमेरिकेतील आफ्को या पशुखाद्यविषयक संस्थेच्या मानकांनुसार वाढत्या पिल्लाला दर 1,000 किलोकॅलरीमागे किमान 3 ग्रॅम कॅल्शियम लागते, आणि प्रौढपणी ज्यांचे वजन 32 किलोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक होते अशा मोठ्या जातींसाठी कमाल मर्यादा 4.5 ग्रॅमची आहे. खंड्यासाठी याचा अर्थ दिवसाला 3.4 ते 5 ग्रॅम. तुमच्या 300 ग्रॅम खाद्यातूनच 3.6 ग्रॅम मिळते, म्हणजे गरज तिथेच पुरी झाली. त्यावर दुधातून सुमारे 0.6, सिरपमधून 0.96 आणि डीसीपीतून 2.3 ग्रॅम. एकूण साडेसात ग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे कमाल मर्यादेच्या दीडपट.

प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत याची मी इतकी काळजी केली नसती, कारण त्याचे आतडे गरजेपुरते कॅल्शियम घेते आणि उरलेले विष्ठेतून टाकून देते. सुमारे सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला हे जमत नाही. जेवढे समोर येईल त्याचा मोठा हिस्सा आपोआप रक्तात शिरतो, आणि तो हाडांत कोंबताना वाढत्या हाडांची झीज आणि नवी घडण यांचा मेळ बिघडतो. कूर्चेचे हाडात रूपांतर व्हायला उशीर होतो, पुढच्या पायाची दोन समांतर हाडे सारख्या वेगाने वाढत नाहीत आणि पाय वाकतो. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या आणि 1985 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही पिल्लांना 1.1 टक्के तर काहींना 3.3 टक्के कॅल्शियमचे अन्न दिले होते, आणि हाडांचे विकार जास्त कॅल्शियम घेणाऱ्या पिल्लांत आढळले. म्हणजे पाय वाकलेला पाहून कॅल्शियम वाढवले की ज्या कारणाने पाय वाकतो तेच कारण वाढवण्याची शक्यता असते. आपल्याकडे मोठ्या जातींच्या पिल्लांत हे सर्रास घडते, आणि बहुतेक वेळा पिल्लावर अतिशय माया करणाऱ्या घरांतच घडते.

सिरप आणि पावडर दोन्ही आजपासून बंद करा. हळूहळू कमी करण्याची गरज नाही, कारण लागणारे कॅल्शियम खाद्यातून मिळतेच आहे. मात्र न पाहता मी निदान करणार नाही. या वयात मनगटाचे स्नायुबंध सैल पडल्यानेही पाय असाच दिसतो आणि तो बहुधा आपोआप सुधारतो. पण हाडांच्या वाढीच्या टोकांत बिघाड असेल तर वेळ घालवून चालत नाही, त्यामुळे दोन्ही पुढच्या पायांचा एक्स-रे या आठवड्यातच काढून घ्या.

सुगरण पुणेकर

नीराखोरे यांच्या प्रतिसादाला एक जोड द्यावीशी वाटते, कारण हा धागा वाचून घरचे जेवण देणारे पालकही कॅल्शियम बंद करून टाकतील अशी भीती वाटली. त्यांनी मांडलेला हिशेब पूर्ण संतुलित पाकीटबंद खाद्य खाणाऱ्या पिल्लाचा आहे. घरी शिजवलेल्या चिकन-भातावर वाढणाऱ्या पिल्लाची स्थिती नेमकी उलट असते. 100 ग्रॅम चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम 10 ते 15 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 200 मिलिग्रॅमच्या आसपास असतो, पण पिल्लाला ही दोन्ही खनिजे साधारण समसमान किंवा कॅल्शियम थोडे अधिक अशा प्रमाणात हवी असतात. अशा जेवणात कॅल्शियम घातले नाही तर शरीर ते हाडांतून ओढून घेते, हाडे कागदासारखी पातळ होतात आणि सोफ्यावरून उडी मारली तरी मोडू शकतात. रक्ताच्या तपासणीत मात्र कॅल्शियम बहुतेक वेळा ठीकच दिसते, कारण रक्तातली पातळी सांभाळण्यासाठीच हाडांचा बळी दिलेला असतो.

दूध-पोळीने हे भागत नाही. नाचणीने भागेल असे बरेच जण सांगतात, आणि नाचणीत कॅल्शियम इतर धान्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे हे खरेच. पण 100 ग्रॅम पिठात ते साधारण 350 मिलिग्रॅम असते, म्हणजे खंड्याएवढ्या पिल्लाची दिवसाची गरज नाचणीने भागवायची तर जवळजवळ एक किलो पीठ लागेल, आणि त्यातलेही सगळे अंगी लागणार नाही.

मी स्वतः अंड्याच्या कवचाची पूड वापरते. कवचे आतला पापुद्रा काढून दहा मिनिटे उकळते, तव्यावर कोरडी करते, मिक्सरमधून काढते आणि मग वस्त्रगाळ करते. बोटांत चोळल्यावर कण लागला तर पुन्हा दळते. 5 ग्रॅम पुडीत सुमारे 1.9 ग्रॅम कॅल्शियम असते, आणि ती चमच्याने न मोजता काट्यावर मोजते, कारण पूड जितकी बारीक तितकी चमच्यात जास्त बसते. पण कॅल्शियम घातले म्हणजे जेवण पूर्ण झाले असे अजिबात नाही. जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि इ जीवनसत्त्व हे सगळे घरच्या जेवणात कमी पडू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी 2013 साली कुत्र्यांसाठीच्या 200 घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा 95 टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. त्यामुळे मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला घरचे जेवण द्यायचे असेल तर पशुआहाराच्या जाणकाराकडून वजनाप्रमाणे आखून घेतलेली पाककृतीच वापरावी, आणि नंतर तीत आपल्या मनाने फेरफार करू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

घरात मांजर असेल तर हे सगळे नियम तिला लावू नका. मांजराला टॉरिन हे द्रव्य अन्नातून मिळावेच लागते. ते न मिळाल्यास हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हे 1987 साली सिद्ध झाले आहे. कुत्र्याच्या खाद्यावर मांजर पोसू नये.

मोकळे रान

ग्लुकोसामाइनच्या पावडरीविषयी कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. 2022 साली कुत्र्या-मांजरांच्या संधिवातावरील पूरक आहाराच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 मुळे वेदना कमी झाल्याचे दिसले, पण ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन यांचा उपयोग दिसला नाही. ज्याला संधिवात झालेलाच नाही अशा पिल्लाला ती पावडर देण्याचे मला कारण दिसत नाही.

लॅब्रॅडॉरच्या सांध्यांसाठी सर्वांत भक्कम पुरावा कमी खाण्याचा आहे. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कमी खाणारी कुत्री मध्यमानाने 13 वर्षे जगली, भरपूर खाणारी 11.2 वर्षे, आणि कमी खाणाऱ्यांत संधिवातही उशिरा आला. कृष्णाकाठ, तुमच्या 300 ग्रॅम खाद्यातूनच दिवसाची ऊर्जा पुरी होत असावी. त्यावरचे अर्धा लिटर दूध आणखी तीनशेहून अधिक किलोकॅलरी घालते, आणि वेगाने वाढणारे वजन कोवळ्या पायांवर पडते. खंड्याच्या बरगड्यांवर तळहात सपाट ठेवून अजिबात न दाबता फिरवून पाहा. प्रत्येक बरगडी बोटांना वेगळी लागायला हवी, आणि वरून पाहिले तर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसायला हवी.

घरातली फरशीही पाहा. गुळगुळीत टाइल्सवर पिल्लू पंजे रोवू शकत नाही, तोल सावरण्यासाठी ते पाय फाकून उभे राहते आणि मनगटावर ताण येतो. त्याच्या वावरण्याच्या जागी जुन्या सतरंज्या किंवा रबरी मॅट पसरा आणि रोज मातीवर चालायला न्या.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सिरप आणि डीसीपी आज सकाळपासून बंद केले आणि पुडी काकूंना परत दिली. दोन शंका उरल्या आहेत. दूध पूर्ण बंद करावे लागेल का? वडिलांना ते पटणे अवघड आहे, कारण रोज संध्याकाळी तेच त्याला दूध पाजतात. दुसरी शंका अशी की दुकानदाराने माशाच्या तेलाची बाटलीही आधीच दिलेली आहे. वर मोकळे रान यांनी ओमेगा-3 चा उल्लेख केला आहे, तर ते तेल चालू ठेवावे का?

नीराखोरे

वडिलांचा आनंद मोडू नका. दूध बाधत नसेल, म्हणजे शौच पातळ होत नसेल, तर संध्याकाळी अर्धी वाटी पुरे. मुख्य खाद्याखेरीज जे काही पोटात जाते, त्यात बिस्किटे आणि खाऊही आला, ते सगळे मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांत बसले पाहिजे. खंड्याच्या बाबतीत हे 110 किलोकॅलरींच्या आत राहायला हवे.

तेलाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचा. ते कॉड माशाच्या यकृताचे तेल असेल तर देऊ नका, कारण त्यात अ आणि ड जीवनसत्त्व साठलेले असते आणि ज्या कारणाने पुडी टाळली तेच पुन्हा घडेल. साधे माशाचे तेल असेल तर पिल्लाच्या खाद्यात डीएचए (ओमेगा-3 चाच एक प्रकार) घातले असल्याचे पाकिटावर लिहिले आहे का ते पाहा. लिहिले असल्यास वेगळ्या तेलाची सध्या गरज नाही.

एक्स-रेला जाताना खाद्याचे पाकीट, सिरपची बाटली आणि डीसीपीची पिशवी यांवरच्या मजकुरांचे फोटो घेऊन जा, आणि काय, किती आणि केव्हापासून दिले ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. त्यावाचून त्यांना एक्स-रेचा अर्थ नीट लावता येणार नाही. जवळ सोय नसेल तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करा. तोवर त्याला जिने उतरू देऊ नका आणि गाडीतून उडी मारू देऊ नका, उचलून घ्या.