सांगलीत फ्लॅट घेताना पुराचा अंदाज कसा घ्यायचा?

पुण्यातला_सांगलीकर: आईबाबांसाठी दोन फ्लॅट बघितलेत, दोन्ही पहिल्या मजल्यावर. एक कर्नाळ रोडला, दुसरा शामरावनगरात. एजंट म्हणतो, "2005 ला इथं थेंब आला नव्हता." आईचे गुडघे गेलेत. नेमकं काय तपासू?

तात्या_वायरमन: एजंट 2005 चं सांगतोय म्हणजे 2019 चं गिळतोय. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. तिथं 2005 ला पाणी 53 फुटांवर गेलं होतं, 2019 ला 57 च्या वर. मधल्या चार फुटांत किती गल्ल्या गेल्या ते आम्हाला विचारा. लगेच 2021 ला परत 55 च्या आसपास.

एजंटला सोडा, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला गाठा. "आयर्विनला किती झालं की दारात पाणी येतं?" तो फुटात सांगतो. इशारा पातळी 40, धोका 45. तो 43 म्हणाला तर नाद सोडा. 56 म्हणाला तर बोलणी करा.

मग पार्किंगमध्ये जावा. रंग मारला की भिंतीवरची रेघ जाते, पण सगळ्यात खालच्या प्लगचे स्क्रू काढून आतला डबा कुणी धूत नाही. कोपऱ्यात वाळलेला गाळ असतो, नखानं खरवडला की पीठ होतं. आणि सगळे मीटर एकदम नवे, डोक्याच्या उंचीवर बसवलेले दिसले तर कुणीतरी भोगलंय.

कृष्णाकाठची: पूररेषेचा नकाशाही बघा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. पण 25 म्हणजे एक पूर येऊन गेला की पुढची 24 वर्षं निवांत, असं नव्हे. दर वर्षी 4 टक्के शक्यता, गेल्या साली आला असला तरी.

तात्या_वायरमन: ताई बरोबर बोलल्या. फक्त शामरावनगरला नुसत्या त्या रेषेवर जाऊ नका. तिथं नदी लांब असली तरी पावसाचं पाणीही तुंबतं. काळी जमीन, निचरा नाही. तिथला किराणावाला नुसते फूट नाही, पाणी किती महिने साचतं तेही सांगेल.

पुण्यातला_सांगलीकर: पण पहिल्या मजल्यावर पाणी घरात तरी येणार नाही ना?

तात्या_वायरमन: बऱ्याच ठिकाणी नाही येणार. पण तुम्हीही बाहेर येणार नाही. लाइट आधी जाते, मग पंप, लिफ्ट. टाकीतलं पाणी संपलं की बोटीची वाट बघायची. 2019 ला ब्रह्मनाळ गावात बोट उलटून 17 जणांचा जीव गेला. म्हणून आयर्विनला 40 व्हायच्या आत आईला कोण हलवणार, कुठं नेणार, ते आधी ठरवा.

पुण्यातला_सांगलीकर: मावशी विश्रामबागेत आहे, तिच्याकडे नेता येईल.

तात्या_वायरमन: मग फ्लॅटच तिकडं बघा की! भाव चढा आहे, मान्य. थोडा लहान घ्या.