मदत हवी आहे: जुन्या स्लॅबवरचा ग्रेड आजच्या हिशेबात किती धरायचा?

जुनापत्ता: दोन स्लॅब विकायचे आहेत, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने तपासून, गुण (ग्रेड) देऊन प्लास्टिकच्या डबीत सील केलेली कार्डं. पहिला १९७५च्या टॉप्स बेसबॉलमधला जॉर्ज ब्रेट, एसजीसी या ग्रेडिंग कंपनीचं जुनं लेबल, ग्रेड ८४. दुसरा १९९९चा पोकेमॉन बेस सेट चारिझार्ड, दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीचा, बीजीएस ९.५ (सेंटरिंग, म्हणजे छपाई किती मधोमध आहे, ९; बाकी तिन्ही सबग्रेड, म्हणजे कडा, कोपरे आणि पृष्ठभागाचे वेगळे गुण, ९.५). ८४ म्हणजे ८.४ का? स्लॅब फोडून दोन्ही कार्डं पीएसए या तिसऱ्या ग्रेडिंग कंपनीकडे पाठवू का?

कडाकोपरे: ८.४ मुळीच नाही. एसजीसीचं जुनं मोजमाप शंभरापर्यंत जायचं, पण दहाने भागून ते जुळत नाही. ८४ म्हणजे ७, ८६ म्हणजे ७.५, ८८ म्हणजे ८, ९६ म्हणजे थेट ९. पीएसए १९९१ पासून १ ते १० वापरते, पण अर्धे ग्रेड तिथे २००८ मध्ये आले. त्याआधीच्या पीएसए ७ मध्ये आजचा ७.५ दडलेला असू शकतो, म्हणून लोक ते स्लॅब परत पाठवतात. तुमच्या ब्रेटला ती सवड नाही: ८६ हातात असूनही ग्रेडरने ८४च दिला. राहू द्या तसाच.

साठचाळीस: चारिझार्ड फोडू नका. फोडताना पाचर निसटली की कड गेली, आणि ९.५ही गेला. पीएसएच्या क्रॉसओव्हरमध्ये (दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला पीएसएचा ग्रेड देण्याची सेवा) स्लॅबसकट पाठवता येतं. किमान ग्रेड १० लिहा. नाही बसला तर कार्ड त्याच स्लॅबमध्ये परत येतं. पण आधी बॉर्डर मोजा. पीएसए १० ला पुढच्या बाजूचं सेंटरिंग (समोरासमोरच्या बॉर्डरचं प्रमाण) पूर्वी ६०/४० पर्यंत चालायचं, आता ५५/४५ लागतं. जुन्या १० शी तुलना करून फसगत होते ती इथेच.

जुनापत्ता: स्कॅनरवर धूसर येतंय. पट्टीने डावी २.६, उजवी ३.३ मिमी.

साठचाळीस: पातळ सीआयएस स्कॅनरचा फोकस काचेलगतच असतो, स्लॅबच्या जाडीमुळे कार्ड त्याच्या बाहेर जातं. काचेपासून वरचंही स्पष्ट टिपणारा सीसीडी स्कॅनर मिळाला तर ६०० डीपीआयवर घ्या. पट्टी तिरकी पाहिली तरी आकडा सरकतो. तरी तुमचेच आकडे धरले तर बेरीज ५.९, मोठी बाजू ३.३, म्हणजे ५६/४४. काठावरच, पण चुकीच्या बाजूला. बीजीएसचा सेंटरिंग ९ही सेंटरिंग अगदी अचूक नाही असंच सांगतो. नीट स्कॅनमध्ये ५५च्या आत आलं तरच क्रॉसओव्हरचे पैसे घाला, नाहीतर ९.५ म्हणूनच विका आणि जाहिरातीत चारही सबग्रेड लिहा.

कडाकोपरे: आणि वर-खालची बॉर्डरही मोजा, ती सगळे विसरतात.