मदत हवी आहे : आईचं सोडियम १२४, तरी पाणी कमी का?

आई ७१ वर्षांची. आम्ही सिंहगड रोडला राहतो. यंदा उन्हाळा लागल्यापासून जो तो ‘भरपूर पाणी प्या’ म्हणतोय, म्हणून ती रोज माठातलं चार लिटर तरी पाणी प्यायची. जेवण मात्र वरणभाताचे चार घास. परवाच्या आठवड्यात एका सकाळी ती मला मावशीच्या नावानं हाक मारायला लागली, चालताना तोल जात होता. आम्हाला वाटलं पॅरालिसिस. रक्त तपासलं तर सोडियम १२४! (हवं १३५ ते १४५.) पाच दिवस ॲडमिट होती. बीपीची क्लोरथॅलिडोन बंद करून दुसरी गोळी दिली. आता १३३ आहे, घरी आलीय.

डॉक्टर म्हणाले, चहा, ताक, आमटी सगळं धरून दिवसाला एक लिटरच. मीठ कमी झालंय तर पाणी का तोडायचं? मावशी सरबतात मीठ वाढवून द्या म्हणते. मी दिलेलं नाही, पण आईचं सुकलेलं तोंड बघवत नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद १ : मी फिजिशियन आहे. ताई, मीठ दिलं नाहीत ते उत्तम केलंत. आमटीत तांब्याभर पाणी ओतलं की ती अळणी लागते, मीठ तेवढंच असतं. आईंच्या रक्ताचं बहुधा तसंच झालं.

रक्त एक-दोन टक्के दाट झालं तरी मेंदूला कळतं. तहान लागते, एडीएच हे संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंड पाणी राखून ठेवतं. रक्त पातळ झालं की एडीएच थांबतं, जादा पाणी लघवीवाटे जातं. धडधाकट माणूस चार लिटर सहज बाहेर टाकतो. पण वयानं ती ताकद घटते, बंद केलेली ती क्लोरथॅलिडोन लघवी पातळ होऊ देत नाही, आणि पाणी बाहेर पडताना सोबत क्षार आणि युरिया लागतात, ते येतात जेवणातून. आईंच्या बाबतीत तिन्ही वाटा अडल्या. मग पाणी मेंदूच्या पेशींत शिरून त्या सुजतात, माणूस बरळतो.

पोटभर जेवू घाला, डाळ, अंडं चालत असेल तर तेही. सोडियम पुन्हा कधी तपासायचं ते तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा. पुन्हा गोंधळली, उलट्या झाल्या तर थेट दवाखाना.

धागाकर्ती : आमटीच्या उदाहरणानं लख्ख कळलं, मनापासून आभार. उद्यापासून सकाळीच लिटरची बाटली भरून ठेवते, चहाचं पाणीही त्यातूनच. रात्री तहान लागली तर?

प्रतिसाद १ : चूळ भरून टाकू द्या, ओठांना तूप लावा. बर्फाचा खडा चघळला तर तोही बाटलीतून वजा करा.